तारण म्हणजे सोनेतारण नव्हे बरं का

मागे एकदा बँकेत रांगेत उभे होतो, मी आणि माझा एक शाळेपासूनचा मित्र, त्याला बोअरच्या कामासाठी पैसे हवे होते म्हणून वहिनींच्या पाटल्या रुमालात बांधून आणल्या होत्या, आणि समोर भिंतीवर हा भला मोठा बोर्ड, सोनेतारण कर्ज, त्वरित मंजुरी. तो बोर्ड वाचून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "काय रे, तुमच्या चर्चमध्ये पण सारखं तारण तारण चाललेलं असतं, ते हेच का? म्हणजे पुण्य तारण ठेवायचं आणि स्वर्ग उचलायचा?" मी हसलो, रांगेतले दोघंतिघंही हसले, विषय संपला. पण घरी येताना गाडीवर तेच डोक्यात, की हा गंमत म्हणून जे बोलला ते कितीतरी लोकांना मनापासून तसंच वाटतं, आणि त्यात दर रविवारी उपासनेला जाणारे आमचे लोकही आले. चांगलं वागायचं, खोटं बोलायचं नाही, दान द्यायचं, हे सगळं वर कुठेतरी जमा होतं आणि मेल्यावर त्याच्या बदल्यात स्वर्ग मिळतो.

ख्रिस्ती शिकवण मात्र नेमकी ह्याच्या उलटी आहे, आणि ती उलटी आहे म्हणूनच समजायला जरा किचकट जाते. म्हणून हा लेख.

आधी दोन शब्द नीट करून घेऊ. तारणं म्हणजे पार नेणं, बुडत्याला वर काढणं. पाप, मरण, अन्याय ह्यातून देव माणसाला सोडवतो, ते झालं तारण. आता गंमत अशी की पौल (हा पहिल्या शतकातला प्रेषित, नव्या करारातली, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातली, कितीतरी पत्रं ह्याच्या नावावर आहेत) हा शब्द तिन्ही काळात वापरतो. एका ठिकाणी म्हणतो तारण झालंय, दुसऱ्या ठिकाणी म्हणतो होत आहे, आणि तिसऱ्या ठिकाणी, रोमकरांच्या पत्रात, म्हणतो की आपण विश्वास ठेवला तेव्हापेक्षा आता तारण जवळ आलंय, म्हणजे अजून यायचंय. दुसरा शब्द आशा. आपण रोजच्या बोलण्यात आशा म्हणतो तेव्हा त्यात अर्धा संशय असतो, आशा आहे की काम होईल, बघू. नव्या करारातली आशा तशी नाही. ती जूनमधल्या बातमीसारखी आहे, केरळात पाऊस दाखल झाला. आपल्या शिवारात अजून थेंब नाही, ऊन तेच, ढेकळं तीच, पण शेतकरी काय करतो? कुळवाच्या राहिलेल्या पाळ्या उरकतो, बियाणं आणून ठेवतो, ताडपत्री कुठे फाटलीय ते बघतो. मशागत केली म्हणून पाऊस येत नसतो हे त्याला चांगलं माहीत असतं, पाऊस येणार आहे म्हणून मशागत चाललेली असते. ख्रिस्ती माणसाच्या लेखी येशूचं मेलेल्यातून उठणं ही ती केरळातली बातमी आहे.

आता अडचणीचा प्रश्न. पौल इफिसकरांच्या पत्रात सरळ लिहितो की तारण कृपेने झालंय, तुमच्या कर्मांनी नाही, नाहीतर लोक बढाई मारत बसले असते. मग कोणीही विचारणार, फुकट मिळतंय तर चांगलं कशाला वागायचं? हा प्रश्न आजचा नाही, पौलाच्या तोंडावरच लोक हे विचारत असावेत कारण रोमकरांच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच त्याने ह्या प्रश्नाने केलीय, कृपा वाढावी म्हणून आपण पाप करतच राहायचं काय? आणि मग ठणकावून नाही म्हणतो. पण नुसतं नाही म्हणून भागत नाही ना, कारण काय?

कारण एका शब्दात सापडतं आणि तो शब्द मराठी बायबलमध्ये इतका झकास आलाय की मूळ ग्रीक न येणाऱ्यालाही सगळं कळावं. विसार. पौल म्हणतो देवाने आपला आत्मा आपल्या अंतःकरणात विसार म्हणून दिलाय. ज्याने गुंठाभर का होईना जागेचा व्यवहार केलाय त्याला हे समजावून सांगायला नको. विसार म्हणजे सँपल नाही, भेटवस्तू नाही, त्याच रकमेतला पहिला भाग, त्याच नोटा, फक्त थोड्या. ग्रीकमध्ये हा शब्द अर्राबोन असा आहे, तो तिकडे सेमिटिक भाषांमधून गेलेला व्यापारी शब्द, बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायात, यहूदा तामारला बकरीचं करडू कबूल करतो आणि ते पोचेपर्यंत आपली मुद्रा, गोफ आणि हातातली काठी ठेवून जातो तिथे हिब्रूत हाच शब्द आहे, आणि तिथे त्याचा अर्थ चक्क गहाण, तारण. आणि आजच्या ग्रीसमध्ये ह्याच शब्दापासून आलेला शब्द साखरपुड्यासाठी वापरतात.

म्हणजे माझ्या मित्राचा विनोद अगदीच वाया नव्हता, तारण ठेवलेलं आहे, फक्त ते देवाने ठेवलंय, आपण नाही. आणि विसार हातात आला की वागणं बदलतंच. जागेचा विसार घेतल्यावर तीच जागा दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवत फिरत नाहीत. साखरपुडा झालेल्या मुलाला कोणी सांगावं लागत नाही की आता बाकीची स्थळं बघणं बंद कर म्हणून. योहानाच्या पहिल्या पत्रातलं वाक्य ह्याच चालीचं आहे, आपण पुढे त्याच्यासारखे होणार आहोत, आणि ही आशा ज्याला आहे तो आत्तापासूनच स्वतःला शुद्ध करत जातो. पुढे जे व्हायचंय त्याची सवय आत्ता.

भीतीने काम होत नाही का? होतं ना, थोडा वेळ. पुढच्या चौकात मामा उभे आहेत म्हटलं की हेल्मेट डोक्यावर चढतं, चौक ओलांडला की परत आरशावर. नरकाच्या भीतीवर चाललेली नीती मी जवळून बघितलीय आणि ती ह्याच प्रकारची असते असं माझं मत. मत्तयच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, २५व्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं चित्र आहे, राजा काही लोकांना म्हणतो, मी भुकेला होतो तुम्ही खायला दिलंत, तुरुंगात होतो भेटायला आलात. ह्यात सगळ्यात भारी काय असेल तर त्या लोकांची प्रतिक्रिया, ते गोंधळून विचारतात, अहो कधी? म्हणजे त्यांनी हिशोब ठेवलेलाच नव्हता. तारण ठेवायला आलेल्या माणसाने पावती जपून ठेवली असती.

हे सगळं पुस्तकातून कळायच्या आधी मला आजीकडून कळलं होतं, म्हणजे तेव्हा कळलं नव्हतं, नंतर कळलं. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. आजीचा आणि तिच्या चुलत दिराचा बांधावरून वाद, ते दरवर्षी नांगरताना दोन तास आमच्यात घ्यायचे असं आमचं म्हणणं, त्यांचं म्हणणं अर्थात उलटं. अकरा वर्षं बोलणं बंद, एकाच मंडळीत (म्हणजे एकाच चर्चमध्ये), रविवारी ते डावीकडे बसणार आणि आजी उजवीकडे. एका नाताळात तिने करंज्या तळल्या, पहिला घाणा डब्यात भरला आणि मला म्हणाली भाऊजींकडं नेऊन दे. मी कॉलेजात होतो, डोकं गरम, म्हटलं आजी त्यांनी आपलं रान खाल्लंय आणि तू करंज्या पाठवतेस? ती झारा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आरं, वर गेल्याव एकाच पंगतीला बसायचंय आमाला. तवा काय तोंड फिरवून बसू का मी?" तेवढंच. परत कढईकडे वळली. मी डबा नेऊन दिला. तिसऱ्या दिवशी डबा परत आला, रिकामा नाही, शेंगा होत्या.

आता हे काही तिच्या मनचं नाही, पंगत ही बायबलमधली तारणाची अगदी लाडकी प्रतिमा आहे. येशू म्हणतो पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून लोक येतील आणि अब्राहामाबरोबर पंगतीला बसतील. आणि पौलाला ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप आला त्यातली एक पंगतीचीच होती. करिंथ हे बंदराचं, पैसा खेळणारं शहर, तिथे इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात ही छोटीशी मंडळी. चर्चची इमारत वगैरे काही नाही, ज्याचं घर मोठं त्याच्याकडे जमायचं. आणि प्रभुभोजन म्हणजे आजच्यासारखा भाकरीचा तुकडा आणि घोटभर रस नव्हे, खरंखुरं जेवण. रोमन घरातल्या जेवणाच्या खोलीत टेकून बसायला साधारण नऊ जणांची सोय, बाकीचे बाहेर चौकात. पैसेवाले लवकर यायचे, आपापलं आणलेलं खाऊन पिऊन तर्र व्हायचे, आणि हमाल, मजूर, गुलाम ज्यांना मालकाने सोडल्यावरच येता यायचं ते येईपर्यंत ताटं पुसलेली. पौल लिहितो, एक उपाशी राहतो आणि दुसरा झिंगतो, तुम्हाला खायला प्यायला घरं नाहीत का? आणि ह्याच परिच्छेदात ते वाक्य येतं जे आजही प्रत्येक प्रभुभोजनाला वाचलं जातं, की ही भाकर खाता तेव्हा तो येईपर्यंत त्याच्या मरणाची घोषणा करता. तो, म्हणजे येशू, परत येईपर्यंत. म्हणजे हे जेवण त्या पुढच्या पंगतीचा विसार आहे, आणि तुम्ही तर विसारातच खोट्या नोटा मिसळताय, असा त्याचा राग. मला वाटतं गावजेवणात वेगळी पंगत, वेगळी भांडी ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सोसली त्यांना हा राग पुण्यामुंबईच्या अभ्यासकांपेक्षा लवकर कळतो, आणि नगर जिल्ह्यातले बरेचसे ख्रिस्ती त्याच घरांमधले आहेत.

प्रभूच्या प्रार्थनेतही हेच लपलंय. आमची रोजची भाकर आज आम्हाला दे, असं आपण लहानपणापासून म्हणतो. तिथे 'रोजची' साठी जो ग्रीक शब्द आहे तो इतका दुर्मीळ आहे की त्याच्या अर्थावर अजून डोकेफोड चालते, आणि बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने लिहून ठेवलंय की एका जुन्या हिब्रू शुभवर्तमानात त्या जागी 'उद्याची' असा शब्द त्याला सापडला. उद्याची भाकर आज दे! हा अर्थ बरोबर की नाही ते पंडित बघतील, पण तो समोर आल्यापासून मला ती प्रार्थना म्हणताना दर वेळी थांबायला होतं.

इथे एक मोठा गैरसमज बाजूला करायला हवा, कारण तो राहिला तर पुढचं काही लागणार नाही. ख्रिस्ती आशा म्हणजे आत्मा शरीरातून सुटून ढगांवर जाऊन बसणार, पृथ्वी जळून खाक, हे चित्र पिक्चरमध्ये ठीक आहे. बायबलचा शेवट मात्र लोक वर जाण्यात होत नाही, नगरी खाली येण्यात होतो, नवं आकाश नवी पृथ्वी, आणि देव माणसांमध्ये वस्तीला येतो. आणि शरीराचं पुनरुत्थान, म्हणजे देह ही फेकून द्यायची वस्तू नाही. ह्याचा नीतीवर थेट परिणाम होतो. घर पाडणारच असेल तर गळकं छप्पर कोण शाकारेल? पण घर दुरुस्त होऊन आपल्यालाच त्यात राहायचं असेल तर गोष्ट वेगळी. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा १५वा अध्याय सबंध पुनरुत्थानावर आहे, ५८ वचनं, त्यात पौल एका ठिकाणी म्हणतो की मेलेले उठत नसतील तर चला खाऊ पिऊ, उद्या मरायचंच आहे. आणि मग इतकं मोठं तत्त्वज्ञान सांगून झाल्यावर शेवटचं वाक्य काय, तर म्हणून कामात भर घाला, कारण तुमचे श्रम व्यर्थ जात नाहीत. मला आधी वाटायचं हा अध्याय मोठ्या जल्लोषात संपायला हवा होता, कामाचं काय मध्येच. आता वाटतं तोच तर मुद्दा. कुष्ठरोग्याची जखम धुणं, हट्टी पोराला चौथ्यांदा बेरीज शिकवणं, ह्यातलं काही मातीत जात नाही, ते त्या नव्या घरात कुठेतरी लागतं.

तिसऱ्या शतकाच्या मध्याला रोमन साम्राज्यात भयानक साथ आली, तेव्हाचं अलेक्झांड्रियाच्या बिशप डायोनिसियसचं पत्र शिल्लक आहे. तो लिहितो आमचे कित्येक लोक आजाऱ्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेले, आणि इतर लोक आपल्याच माणसांना रस्त्यावर टाकून पळाले. आता बिशप आपल्याच लोकांबद्दल लिहितोय, थोडं कमी करून घ्यावं. पण शंभर वर्षांनी सम्राट ज्युलियन, जो ख्रिस्ती लोकांचा कट्टर विरोधक, तोसुद्धा एका पत्रात वैतागून म्हणतो की हे गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांना पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाची तक्रार हे सर्टिफिकेट जास्त भरवशाचं. मरण हा शेवट नाही हे ज्याला पटलं तो आजाऱ्याच्या उशाशी बसू शकतो, एवढं साधं आहे ते.

बरं, ही आशा बिघडते पण, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पहिलाच किस्सा थेस्सलनीकाचा, इसवी सन ५०च्या आसपासचा. तिथल्या मंडळीत काही जण कामधंदा सोडून बसले होते, प्रभू लवकरच येणार म्हणूनच असं बरेच अभ्यासक मानतात, तर थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात कडक शब्दांत आलंय की ज्याला काम करायला नको त्याने खाऊही नये, आणि हे लोक कामं करत नाहीत, नुसती लुडबूड करतात. दोन हजार वर्षांपूर्वीचं वाक्य, पण प्रत्येक गल्लीत असा एक तरी असतो. मग १८४४. अमेरिकेत विल्यम मिलर ह्या शेतकरी-प्रचारकाच्या अनुयायांनी येशू परत येण्याची २२ ऑक्टोबर ही तारीख धरली, काहींनी उभं पीक काढलंच नाही, कशाला काढायचं? २३ तारीख उजाडली. आणि योगायोग बघा, धर्म ही लोकांची अफू आहे हे मार्क्सचं वाक्य छापून आलं तेही १८४४ मध्येच, तिकडे समुद्रापार.

मार्क्सचा आरोप हसण्यावारी न्यायचा नाही. गरिबाला सांगायचं आत्ता सोस, वर मिळेल, आणि इकडे मालकाने खुशाल पिळायचं, असं झालंय, मुद्दाम केलं गेलंय. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडिजमधल्या गुलामांसाठी खास बायबल छापलं, निवडक उतारे म्हणून. काय वगळलं माहितीय? इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटतात ती सगळी कथा. गलतीकरांच्या पत्रातलं दास नाही स्वतंत्र नाही हे वचन. म्हणजे छापणाऱ्यांना बरोब्बर कळत होतं की ह्या पुस्तकात अफू कुठे आहे आणि सुरुंग कुठे आहे. मला तर हा पुरावा मार्क्सच्या विरुद्ध वाटतो, अफूच असती तर पानं कशाला फाडली असती?

तसल्याच गुलामीतून आलेल्यांचा नातू-पणतू १९६८ साली अमेरिकेत मेम्फिसमध्ये उभा होता. सफाई कामगारांचा संप चालू होता, कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कामगार मेले त्यातून पेटलेला. ३ एप्रिलच्या रात्री मार्टिन ल्युथर किंगने तिथे भाषण केलं, त्यात तो म्हणाला की तिकडच्या पांढऱ्या झग्यांबद्दल बोलणं ठीक आहे, पण लोकांना इथे घालायला कपडे आणि बूट लागतात, आणि दूधमधाच्या रस्त्यांबद्दल बोलणं ठीक आहे, पण देवाने इथल्या झोपडपट्ट्यांची काळजी घ्यायला सांगितलंय. आणि त्याच भाषणाच्या शेवटी तो म्हणतो की मी डोंगरावरून तो वचनाचा, देवाने कबूल केलेला, देश बघून आलोय, मी तुमच्याबरोबर तिथे पोचेन न पोचेन, मला आज कशाची भीती नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला गोळी घातली. एकाच भाषणात बूट आणि वचनाचा देश दोन्ही आहेत, आणि मला वाटतं ते एकमेकांना धरूनच उभे आहेत.

जर्मनीत युर्गेन मोल्टमान नावाचे धर्मशास्त्रज्ञ होऊन गेले, २०२४ मध्ये वारले. १९४३ च्या जुलैत हॅम्बुर्गवर बाँबवर्षाव झाला तेव्हा हा सतरा वर्षांचा पोरगा विमानविरोधी तोफेवर ड्युटीला होता, शेजारी उभ्या मित्राच्या चिंधड्या झाल्या, हा वाचला. पुढे युद्धकैदी म्हणून स्कॉटलंडच्या कँपात असताना आयुष्याची दिशा बदलली. १९६४ साली त्यांनी जे मांडलं त्याचा गाभा एवढाच की आशा माणसाला शांत करत नाही, अस्वस्थ करते, कारण जे व्हायचंय ते ज्याने बघितलंय त्याला जे आहे ते चालवून घेता येत नाही. नवा फ्लॅट बघून आलेल्या माणसाला जुन्या खोलीतली ओल त्याच दिवसापासून जास्त दिसायला लागते, तसं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर मी पंडिता रमाबाईंचं देईन. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत केडगाव स्टेशन लागतं, तिथे त्यांची संस्था, नाव मुक्ती. नावातच सगळं आलं. रमाबाईंनी स्वतः लहानपणी दुष्काळात आईवडील गमावलेले, उपास म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. १८८३ मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी, टाकलेल्या मुली घेऊन आल्या, शेकड्यांनी. आता ज्या बाईला तारण म्हणजे फक्त मेल्यानंतरची सोय वाटत असती तिने काय केलं असतं, प्रार्थना शिकवली असती आणि बाप्तिस्मा दिला असता. रमाबाईंनी माग घातले, शेती केली, तेलाचा घाणा, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. बायबलचं हिब्रू आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत भाषांतर त्या वर्षानुवर्षं करत होत्या, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं, आणि ते जुळवलं, छापलं, बांधलं ते मुक्तीतल्याच बायकांनी. मला नेहमी डोळ्यासमोर येतं, म्हणजे ही माझी कल्पना आहे, की दुष्काळात हाडांचा सापळा होऊन आलेली एखादी पोर आता मोठी झालीय, शाईने काळ्या झालेल्या बोटांनी एकेक खिळा (छपाईचं अक्षर) उचलून नव्या पृथ्वीबद्दलची ती ओळ जुळवतेय, जिथे शोक नाही, रडणं नाही. तिला त्या ओळीचा अर्थ समजावून सांगायला कोण लागणार होतं?

एक शेवटची बाजू राहिली, सूड. पौल रोमकरांना सांगतो, सूड तुम्ही उगवू नका, ते देवावर सोपवा. ह्याला लोक दुबळेपणा समजतात. पण न्याय होणारच आहे ह्याची खात्री नसेल तर माणूस तो स्वतःच्या हाताने करायला धावतो, खात्री असेल तर हात मोकळे राहतात. २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशात मनोहरपूरला कुष्ठरोग्यांमध्ये काम करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप आणि टिमोथी ही दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली. अंत्यविधीला त्यांची पत्नी ग्लॅडिस स्टेन्स आणि मुलगी एस्थर ह्या दोघींनी गाणं म्हटलं, तो जिवंत आहे म्हणून उद्याला तोंड देता येतं अशा अर्थाचं. ग्लॅडिस बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं, कायद्याने त्याचं काम करावं हेही म्हटलं, आणि कुष्ठरोग्यांचं काम सोडून पळून गेल्या नाहीत, आणखी काही वर्षं तिथेच राहून ते चालवलं. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. क्षमा आणि कोर्ट ह्या दोन वेगळ्या खिडक्या आहेत हे त्यांना कळत होतं, बऱ्याच जणांना कळत नाही, अत्याचार झालेल्या बाईलाच उलट 'तू ख्रिस्ती ना, मग क्षमा कर, तक्रार मागे घे' म्हणणारे लोकही मी बघितलेत आणि त्यांना आशा काय ते कळलेलं नाही असं मी स्पष्ट म्हणेन.

आणि आमचं आम्हाला तरी कुठे कळलंय. तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीत मधोमध भिंत आहे, दलित ख्रिस्ती एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या. शरीराचं पुनरुत्थान मानणाऱ्या लोकांनी बांधलेली भिंत! शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल तेव्हा हे लोक काय भिंतीच्या दोन बाजूंनी उठून उभे राहणार आणि एकमेकांकडे पाठ करून प्रभूला भेटणार? आपल्याकडे भिंती नसतील, स्थळं बघताना मात्र 'पूर्वीचे कोण', म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीची जात कोणती, हा प्रश्न अजून हळूच येतोच. आजीच्या भाषेत सांगायचं तर पंगतीची तयारी झालेली नाही.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मातीला सगळ्यात आधी येऊन बसलेले ते चुलत आजोबाच होते, टोपी हातात घेऊन, कोणाशी न बोलता. बांध अजून तिथेच आहे, तसाच वाकडा, मोजणीसाठी आमच्याकडून कोणी अर्ज केला नाही आणि त्यांच्याकडूनही नाही. ते पण गेले मागच्या पावसाळ्यात. नाताळला आईने डबा पाठवला त्यांच्या सुनेकडे, आला तो सोलाण्याने भरून.